ब्रेकचे शेवटचे दोन हात

लग्नाच्या हॉलमध्ये डॉक्टर दिसला की लोक त्याला गुडघा दाखवतात. मी दिसलो की गाडीची किल्ली दाखवतात. हातात ताट असतं, तोंडात घास असतो, आणि कुणीतरी मला कोपराला धरून पार्किंगकडे नेत म्हणतं, "मेश्रामभाऊ, एकच मिनिट. तो पिवळा दिवा परत लागलाय." डॉक्टरला गुडघा निदान उभ्या उभ्या बघता येतो. मला गाडीखाली शिरायचं तर अंगातला कोट काढावा लागतो, आणि लग्नात कोट काढलेला माझ्या बायकोला चालत नाही.

तो पिवळा दिवा म्हणजे एबीएसचा. माझी सगळी नोकरी त्या दिव्याच्या मागे गेली. आधी दिल्लीजवळच्या मानेसरला ब्रेकचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या चाचणी विभागात, नंतर नोएडातल्या एका वर्कशॉपमध्ये, जिथे ब्रेकशिवाय दुसरं काही बघतच नसत. वडील नागपूरहून सरकारी छापखान्यात नोकरीला आले आणि दिल्लीचेच झाले, त्यामुळे मी इथेच वाढलो. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि गाडीखाली जी आधी तोंडात येईल ती. गेल्या वर्षी निवृत्त झालो. तेव्हापासून मला वेळच वेळ आहे असा नातेवाइकांचा समज झालाय, म्हणून हल्ली मी लग्नांना मेट्रोने जातो आणि मागच्या दाराने आत शिरतो.

एबीएस म्हणजे काय, हे मी माझ्या मेव्हण्याला तीनदा समजावलंय. चौथ्यांदा इथे सांगतो. ब्रेक जोरात दाबला की चाक जागच्या जागी अडकतं. चाक थांबलं म्हणजे गाडी थांबली असं आपल्याला वाटतं. पण अडकलेलं चाक रस्त्यावरून घसरत जातं, आणि घसरणारं चाक स्टिअरिंगचं ऐकत नाही. म्हणून जुने ट्रक ड्रायव्हर ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबून धरत नसत; थोडा दाब, थोडा सोड, असं करत. एबीएस तेच करतं, फक्त माणसाच्या पायाला कधी जमणार नाही इतक्या भराभर. त्यासाठी कोणतं चाक किती वेगाने फिरतंय एवढंच त्याला कळावं लागतं. म्हणून चाकापाशी एक दातेरी कडं असतं आणि त्याला जवळजवळ खेटून एक सेन्सर. कडं फिरतं, सेन्सर दाते मोजतो आणि बॉनेटखालच्या डबीला कळवतो. चारांपैकी एका चाकाचा आकडा एकदम खाली आला, की डबी म्हणते, हे चाक अडकलं, आणि त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सैल करते. तेव्हा पायाखाली पेडल गुरगुरतं. एवढीच विद्या. एवढ्यावर मी चौतीस वर्षं भाव खाल्ला.

गिऱ्हाइकांचे नमुने सांगायचे तर अंक पुरणार नाही, म्हणून दोनच सांगतो. एक गृहस्थ नुकतीच घेतलेली जुनी गाडी घेऊन आले. ब्रेक दाबला की गाडी घसरते, अशी तक्रार. मी विचारलं, "एबीएस की बत्ती जलती है?" ते अभिमानाने म्हणाले, "बिल्कुल नहीं जी. एक बार भी नहीं जली." तिथेच माझे कान टवकारले. किल्ली फिरवली की हा दिवा दोन-तीन सेकंद लागलाच पाहिजे. डबी स्वतःची तपासणी करते आणि सगळं जागेवर असेल तर दिवा विझवते. कधीच न लागणारा दिवा ही चांगली बातमी नसते. मी डॅशबोर्ड उघडला, तर आत, बरोबर त्या दिव्यावर, मरून रंगाची एक मखमली टिकली चिकटवलेली. विकणाऱ्याने घरच्या आरशावरून उचलली असणार. टिकली काढली, किल्ली फिरवली, आणि दिवा जो लागला तो विझायचं नाव घेईना. गृहस्थ बराच वेळ ती टिकली तळहातावर घेऊन बघत राहिले. मग म्हणाले, "भाभीजी की पसंद अच्छी है." दोष बघून हसणारं गिऱ्हाईक मला फार कमी वेळा भेटलं, त्यामुळे ते लक्षात राहिले.

दुसरे एक निवृत्त प्राध्यापक. त्यांच्या गाडीतली सेन्सरची वायर उंदरांनी खाल्ली होती. नोएडातले उंदीर वायर खातात, ही तिथली नेहमीची गोष्ट. लोक तंबाखूची पानं ठेवतात, डांबराच्या गोळ्या ठेवतात. प्राध्यापकांचं मत निराळं होतं. उंदीर भुकेपोटी वायर खातो, म्हणून त्याचं पोट भरलेलं असलं की प्रश्न मिटला. ते रोज संध्याकाळी गाडीखाली एक पोळी ठेवायला लागले. महिन्याभराने परत आले, तर एकीऐवजी तीन वायरी गेलेल्या. आधी एकटा उंदीर होता, आता पंगत बसत होती. मी पोळी बंद करायला सांगितलं. त्यांनी बंद केली नाही, फक्त जागा बदलली. पुढच्या महिन्यात त्यांचे शेजारी आमच्याकडे आले.

पण खरी तक्रार, जी महिन्यातून दहा-पंधरा वेळा यायची, ती या दोन्हींहून साधी होती. ब्रेक दाबला की पेडल थरथरतं, खालून गुर्रर्र आवाज येतो, काहीतरी तुटलंय. हे लोक घाबरून आलेले असत, आणि त्यांचं काहीही तुटलेलं नसे. रस्त्यावर पाणी किंवा वाळू होती, चाक घसरायला लागलं, एबीएसने आपलं काम केलं. एक टॅक्सीवाला तर पेडल गुरगुरताच दचकून पाय काढून मोकळा झाला होता आणि पुढच्या टेम्पोच्या मागच्या फळीत जाऊन थांबला होता. एबीएस काम करत असताना पाय काढायचा नसतो, दाबूनच ठेवायचा असतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मानेसरला आमच्या चाचणीच्या आवारात ओल्या फरशीचा एक लांबच लांब पट्टा होता. डावी चाकं फरशीवर, उजवी डांबरावर, आणि मग ब्रेक. नवीन माणसाला तिथे बसवून आम्ही ते गुरगुरणं पायाला ओळखीचं करून देत असू. गिऱ्हाइकांसाठी असा पट्टा नव्हता. त्यांच्यासाठी माझ्याकडे एक वाक्य होतं: "ये नॉर्मल है जी." मराठी माणूस असला तर, "हे नॉर्मल आहे, काळजी करू नका." मग मी जॉबकार्डावर लिहायचो, दोष आढळला नाही, ग्राहकास समजावून सांगितले, आणि खाली सही. हजारदा तरी लिहिलं असेल. पुढे पुढे समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझं तयार असायचं.

सुमनताई रामटेके आल्या तेव्हाही ते तयारच होतं.

सुमनताई आमच्याच मयूर विहारातल्या, दोन सोसायट्या सोडून राहणाऱ्या. एका मंत्रालयात अनुवादक होत्या, निवृत्त होऊन दहा-बारा वर्षं झालेली. पती गेल्यावर पंचेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकल्या आणि तेव्हापासून दर रविवारी सकाळी दोन मैत्रिणींना घेऊन बुद्धविहारात वंदनेला जातात. एक शकुंतलाबाई, त्यांचे गुडघे गेलेले. दुसऱ्या लीलाबाई, त्यांच्या मानेला पट्टा. दोघींनाही मेट्रोचे जिने जमत नाहीत, आणि टॅक्सीत बसलं की टॅक्सीवाला गाडी चालवतो का दळतो ते कळत नाही, असं लीलाबाई म्हणतात. म्हणजे सुमनताईंची छोटी पांढरी गाडी ही तीन बायकांची गाडी होती. आमची ओळख चौदा एप्रिलच्या कार्यक्रमांतली. मी त्यांना ताई म्हणतो, त्या मला भाऊ म्हणतात. त्यांची गाडी मी वर्षानुवर्षं बघत आलो होतो.

होळी नुकतीच होऊन गेली होती. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. ताई म्हणाल्या, "भाऊ, गाडी थांबता थांबता सुटते. हिसका नाही बसत. पायाखाली गुरगुरतं आणि शेवटचे दोन हात ती आपली आपण पुढे जाते."

अनुवादकच त्या, शब्द मोजून मापून वापरलेले. मी नीट ऐकायला हवं होतं. मी ऐकलं फक्त "गुरगुरतं".

तरी काम कामासारखं केलं. स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणजे डबीने नोंदवून ठेवलेले दोष वाचणारं यंत्र. एकही दोष नाही. गाडी सर्व्हिस रोडवर काढली, चाळीसच्या वेगाला कचकन ब्रेक दाबला. एबीएस अगदी पाहिजे तसं चाललं. परत आलो आणि म्हणालो, "ताई, हे नॉर्मल आहे. काळजी करू नका."

"मला नाही वाटत नॉर्मल," त्या म्हणाल्या. "सव्वीस वर्षं मी हीच गाडी आणि हिच्या आधीची चालवतेय."

"रस्त्यावर वाळू असेल," मी म्हणालो आणि कार्ड लिहिलं. दोष आढळला नाही. ग्राहकास समजावून सांगितले. सही.

एप्रिलच्या शेवटी मला त्यांच्या मुलाचा फोन आला. निखिल नोएडात एका आयटी कंपनीत आहे. चांगला मुलगा, आईवर जीव आहे. मराठी बोलतो, पण दिल्लीत वाढलेल्या मुलांसारखं, अधूनमधून खड्डे पडलेलं.

"काका, आईने सोसायटीच्या गेटवर गार्डची चेअर उडवली. लकीली गार्ड उठून चहा घ्यायला गेला होता. मागच्या हफ्त्यात बॅरिअरला पण टच केलं होतं. तुमचं कार्ड मी पाहिलं. गाडीत काहीच नाही ना?"

"नाही," मी म्हणालो.

"तो फिर... एज आहे, काका. सेव्हंटी वन. मी किल्ली माझ्याकडे घेतलीय. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाहीये. तुम्ही प्लीज येऊन तिला समजावा ना. तुमचं ऐकेल. आणि गाडी घेऊन जा, कुणी चांगला माणूस असेल तर विकून टाकू."

तीन आठवड्यांवर बुद्धपौर्णिमा आली होती. त्या दिवशी विहारात खीरदान असतं, आणि खिरीचं मोठं पातेलं दरवर्षी ताईंच्या गाडीतून, शकुंतलाबाईंच्या मांडीवरून जातं, हे मला माहीत होतं. फोन ठेवल्यावर जीवाला बरं वाटेना. पण कुणाचा तरी जीव जाण्यापेक्षा किल्ली गेलेली बरी, असं मीच मला सांगितलं आणि रविवारी सकाळी स्कॅनरची बॅग खांद्याला अडकवून निघालो. गाडी विकायची तर एकदा तपासून द्यावी, म्हणून बॅग. दुसरा काही विचार नव्हता, उगाच मोठेपणा घेत नाही.

ताईंनीच दार उघडलं. "जयभीम, भाऊ. बसा. चहा घ्या, मग गाडी न्या."

आवाज इतका शांत होता की मी चहा बशीत ओतताना थोडा सांडला. निखिलने किल्ली माझ्यासमोर टेबलावर ठेवली. मी समजावणीचं काहीतरी सुरू केलं. वय, ट्रॅफिक, हल्ली कुणाचा भरवसा नाही. ताईंनी पुरतं ऐकून घेतलं.

मग म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही गाडी चालवून पाहिली तेव्हा कशी चालवलीत?"

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्यासारखी चालवलीत की तुमच्यासारखी?"

त्या उठून आत गेल्या आणि एक स्टीलचं पातेलं घेऊन आल्या, काठापासून दोन बोटं खालीपर्यंत पाण्याने भरलेलं. "मागे शकुंतलाबाई खीर घेऊन बसतात. इतक्या वर्षांत थेंब सांडलेला नाही. आज मी पातेलं घेऊन शेजारी बसते. तुम्ही गेटापर्यंत न्या. पाणी सांडता कामा नये. नाही सुटली गाडी, तर विकून टाका. मी निखिलला परत कधी किल्ली मागणार नाही."

"आई, यार..." निखिल म्हणाला.

"यार-बीर नको. वरून बघ."

आम्ही खाली उतरलो. ताई पातेलं मांडीवर धरून ताठ बसल्या. तळघराच्या पार्किंगमधून गाडी वर काढताना मला घाम फुटला. मेकॅनिकचा पाय जड असतो. आम्ही ब्रेक लावतो तो तपासायला, गाडी थांबवायला नाही. आणि दिल्लीत तर सगळेच शेवटच्या क्षणी कचकन दाबतात. इतका हळू, बोटाने दार लोटावं तसा ब्रेक मी आयुष्यात लावला नव्हता. गेट दिसलं. बॅरिअरच्या अलीकडे, थोडी बाजूला, गार्ड रामआसरेची प्लॅस्टिकची खुर्ची होती आणि रामआसरे रजिस्टरमध्ये कुणाचं तरी नाव लिहून घ्यायला उभा होता.

"आत्तापासून दाबा," ताई म्हणाल्या. "हळू. अजून हळू. वेग आपला आपण मरू द्या."

वेग मरत आला. माणूस चालतो इतका उरला. आता थांबलीच, असं मी मनात म्हणतोय तोवर पायाखाली गुर्रर्र झालं, पेडल जणू पोकळ झालं, आणि गाडी शांतपणे, कुणाला न विचारता, दोन हात पुढे गेली. खुर्ची आडवी झाली. पातेल्यातलं निम्मं पाणी ताईंच्या साडीवर आलं.

रामआसरे रजिस्टर हातात घेऊन वाकला आणि काचेतून आत बघत म्हणाला, "अरे साहब, आप भी?"

चालक मी. वय अठ्ठावन्न. ब्रेकमधला तज्ज्ञ. कोरड्या, स्वच्छ रस्त्यावर, वाळूचा कणही नसताना.

ताई पदर पिळत होत्या.

काय घडलं ते माझ्या डोक्यात त्या क्षणी लख्ख झालं, आणि त्याबरोबर लाजही वाटली. मी चाळीसच्या वेगाला तपासलं होतं. दोष चालत्या माणसाच्या वेगाला होता. आणि तोही ज्याचा पाय हलका आहे त्यालाच दिसणारा. जो कचकन थांबवतो त्याची गाडी गुरगुरायच्या आत उभी राहते. ताई चांगली गाडी चालवत होत्या, म्हणूनच त्यांना तो सापडला होता. आमच्या अख्ख्या वर्कशॉपमध्ये इतका हळुवार ब्रेक लावणारा एकही माणूस नव्हता.

मी उतरलो, रामआसरेची खुर्ची सरळ केली आणि ताईंच्या बाजूचं दार उघडलं. "ताई, आता तुम्ही चालवा. मी शेजारी बसतो."

निखिल बाल्कनीतून बघत होता. आईला स्टिअरिंगवर बसताना पाहून तो जिन्याने धावतच खाली आला. "काका, हे काय चाललंय?"

"मागे बस," मी म्हणालो, "आणि हे धर." स्कॅनर गाडीला जोडून मी त्याच्या हातात दिला. या वेळी नोंदवलेले दोष वाचायचे नव्हते. चारही चाकांचे आकडे चालता चालता बघायचे होते, जे मी मार्चमध्येच बघायला हवे होते. त्याला म्हटलं, "गाडी थांबत येईल तसे आकडे मोठ्याने वाच."

ताईंनी सोसायटीच्या आतल्या रस्त्यावरून एक फेरी घेतली आणि गेटाकडे वळल्या. रामआसरे एव्हाना खुर्ची छातीशी धरून भिंतीला टेकला होता.

"ट्वेल्व्ह, ट्वेल्व्ह, ट्वेल्व्ह, ट्वेल्व्ह," निखिल वाचत होता. "नाइन... सगळे नाइन. सिक्स. सिक्स, सिक्स, सिक्स... झिरो?" पायाखाली गुर्रर्र झालं आणि गाडी पुढे सरकली. "काका, फ्रंट लेफ्ट झिरो दाखवतंय. पण गाडी तर चालतेय. तीन चाकं चालतायत आणि चौथं थांबलंय, असं कसं होईल?"

"होत नाही. पण डबीला ते खरं वाटतं. तिला वाटतं चाक अडकलं, म्हणून ती बिचारी ब्रेक सोडते. मनापासून चुकतेय, म्हणून दोषही नोंदवत नाही आणि दिवाही लावत नाही."

तीन फेऱ्या झाल्या. तिन्ही वेळा तेच चाक, तोच शून्य. निखिल संगणकातला माणूस, त्याला आकड्यांपुढे जास्त सांगावं लागलं नाही.

मला बोलायला हवं होतं, आणि ते जड गेलं. बत्तीस वर्षं मी लोकांच्या चुका दाखवत आलो होतो. "निखिल," मी म्हणालो, "तुझ्या आईने महिनाभरापूर्वी मला हेच सांगितलं होतं, अगदी याच शब्दांत. मी ऐकलं नाही. त्या कार्डावर माझी सही आहे आणि ते कार्ड चुकीचं आहे. ताई, चूक माझी. तुमची नाही, वयाची नाही."

ताईंनी समोर बघतच मान हलवली. डोळे भरले होते, पण त्यांनी ते पुसले नाहीत, कारण हात स्टिअरिंगवर होते.

"म्हणजे मी उगाच..." निखिल स्कॅनर खाली ठेवत म्हणाला.

"उगाच नाही रे," ताई म्हणाल्या. "आईची काळजी केलीस, बरं केलंस. फक्त आधी विचारायचं होतंस. आता ही साडी बदलून येते. तोवर भाऊंना दुसरा चहा दे."

दुसऱ्या दिवशी मी गाडी अगदी सावकाश वर्कशॉपला नेली आणि डावं पुढचं चाक स्वतः उघडलं. दातेरी कड्याखाली गंज धरला होता. तळघरात पाणी साचतं, तिथला गंज. तो फुगत गेला आणि कडं एका जागी तडकलं. तडा केसाएवढा, नखाला लागेल पण डोळ्याला दिसणार नाही असा. दाते मोजता मोजता सेन्सर तिथे अडखळायचा. वेगात ते अडखळणं खपून जायचं. चालीच्या वेगाला एकेका दात्याची किंमत असते. नवीन कडं घातलं, सेन्सर साफ केला, आणि जुनं कार्ड काढून त्यावर लाल पेनाने लिहिलं: तपासणी चुकीची होती, ग्राहकाची तक्रार बरोबर होती. खाली परत सही केली. मॅनेजर म्हणाला, जुन्या कार्डावर असं लिहीत नाहीत. मी म्हणालो, मी लिहितो.

मला अजून एक गोष्ट खाते. त्या हजार कार्डांपैकी किती जणांचं असंच झालं असेल? कुणाच्या सासऱ्यांची किल्ली काढून घेतली असेल, कुणाच्या बायकोला "तुला येतच नाही" म्हणून ऐकावं लागलं असेल, आणि टेबलावर पुरावा म्हणून माझी सही. बहुतेकांचं खरोखरच नॉर्मल होतं, हे मला माहीत आहे. तरी बहुतेक म्हणजे सगळे नव्हेत.

गाडी परत दिली तो बुद्धपौर्णिमेचा आदला दिवस होता. ताई म्हणाल्या, "अशी नाही घेणार. तपासून घेणार." पुन्हा ते पातेलं आलं. या वेळी ते माझ्या मांडीवर ठेवण्यात आलं. मी नेमकी फिकी पॅन्ट घातली होती. तळघर, चढ, वळण, गेट. ताईंनी वेग आपला आपण मरू दिला, आणि गाडी बॅरिअरपासून वीतभर अलीकडे अशी थांबली की थांबल्याचं मला पाण्याकडे बघून कळलं. पाणी हललंसुद्धा नव्हतं. दुसऱ्या दिवशी खीर विहारात पोहोचली. शकुंतलाबाईंनी मला पहिला द्रोण दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "तुम्हीच का ते, नॉर्मल आहे म्हणणारे?"

निवृत्तीपर्यंतची उरलेली दोन वर्षं मी एक नियम पाळला. तक्रार घेऊन येणाऱ्याने आधी स्वतः चालवायची, त्याच्या पद्धतीने, आणि मी शेजारी बसायचं. मग स्कॅनर, मग बाकीचं. वर्कशॉपच्या कपाटात टॉर्क रेंचशेजारी एक स्टीलचं पातेलं आलं. नवीन इंजिनिअर त्याला हसायचे. मी त्यांना ते पाण्याने भरून द्यायचो आणि म्हणायचो, जा, चौकापर्यंत जाऊन ये. परत येताना बहुतेकांची पॅन्ट भिजलेली असायची आणि हसणं थांबलेलं असायचं. निरोपाच्या दिवशी मला शाल आणि घड्याळ मिळालं. पातेलं मात्र मागूनही दिलं नाही. ते आमचं उपकरण आहे म्हणाले.

सुमनताई आता चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. गाडी तीच, रविवार तोच. मी अधूनमधून त्यांच्या सोसायटीत जातो, कधी माझ्या गाडीने. रामआसरे अजून त्याच गेटावर आहे. ताईंची पांढरी गाडी आली की तो खुर्चीत बसल्या बसल्याच बॅरिअर वर करतो, हातातला चहाचा ग्लाससुद्धा खाली ठेवत नाही. माझी गाडी दिसली की मात्र आधी उठतो, खुर्ची उचलून भिंतीपाशी नेऊन ठेवतो, आणि मगच मला सलाम करतो.